विमान उतरलं... आता घरी कसं जायचं?

गोव्याहून सोलापूरला यायला मला सव्वा तास लागला आणि सोलापूरहून अणदूरला घरी पोचायला साडेचार तास!

मैत्रिणींनो, हसू नका. हिशेब चुकलेला नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना गणित शिकवलंय मी. गोवा ते सोलापूर हा आकाशातला रस्ता होता आणि सोलापूर ते अणदूर हा जमिनीवरचा. जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. पुणे-हैदराबाद हमरस्ता, चौपदरी, गुळगुळीत. तरी साडेचार तास. ते कसे लागले, तेच आज सांगणार आहे. कारण हे रडगाणं माझ्या एकटीचं नाही. उद्या तुमच्यापैकी कुणाची लेक, कुणाची सून, कुणाची आई याच दारातून बाहेर पडणार आहे.

आधी मी गेले कशाला, ते सांगते. माझी लेक म्हापशाला एका दवाखान्यात नर्स आहे. जावई तिथेच नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, लांबचा प्रवास अजिबात करायचा नाही. लेकीला माहेरी येता येईना, तर माहेरानंच तिच्याकडे जायचं, असं मी ठरवलं. आमच्या ह्यांना रानातली तूर आणि हरभरा सोडून हलता येत नव्हतं. म्हणजे जायचं तर एकटीनंच.

पूर्वी आमच्याकडून गोव्याला जायचं म्हणजे अख्खी रात्र गाडीत काढायची. पायाला सूज, कमरेला कळ आणि रात्री गाडी कुठल्या तरी धाब्यावर थांबली, की बायकांनी तोंड दाबून सोसायचं ते वेगळंच. त्याबद्दल तर आपण बोलतसुद्धा नाही. विमानानं जायचं मनात आलं, तर जवळचे विमानतळ पुणे नाही तर हैदराबाद. दोन्ही अडीचशे-तीनशे किलोमीटर. तिथपर्यंत जायचं, तर मग गोव्यालाच का जाऊ नये?

म्हणून सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं, ही बातमी आमच्यासाठी नवलाचीच होती. सोलापूरच्या विमानतळाची कहाणी आमच्या भागात लहान-थोरांना पाठ आहे. होटगी रस्त्यावरचा हा विमानतळ जुनाच. मध्यंतरी किंगफिशर कंपनीचं छोटं विमान काही काळ मुंबईला ये-जा करत होतं, तेही बंद पडलं. मग बोरामणीला मोठा विमानतळ होणार, असं कितीतरी वर्षं ऐकलं. बोरामणी म्हणजे तर आमच्याच वाटेवर! पण ते काम वनजमिनीच्या आणि माळढोक पक्ष्याच्या प्रश्नात अडकलं. इकडे होटगी रस्त्यावर सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून वाद. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कोर्टकचेरी झाली. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीनं विमानतळाचं उद्घाटन झालं. तरी प्रत्यक्ष विमान यायला ९ जून २०२५ उजाडला. त्या दिवशी फ्लाय९१ कंपनीचं गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं.

एवढं रामायण झालं. धावपट्टी झाली, इमारत झाली, विमान आलं. पण या सगळ्या वर्षांत एक साधा प्रश्न कुणाला पडलेला मी ऐकला नाही. विमानातून उतरलेली बाई पुढे घरी कशी जाणार?

दिवाळी झाली आणि मी निघाले. जाताना दिवस होता, त्यामुळे फार अडलं नाही. सकाळची एसटी धरली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे हल्ली आमच्या थांब्यावर बायकांची गर्दी बघावी. सोलापूरच्या स्टँडवर उतरले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "विमानतळावर जायचंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. इरकली लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. म्हणाला, "कुणाला आणायला चाललाव मावशी?"

म्हटलं, "कुणाला आणायला नाही रे बाबा. मीच चालले."

आसरा चौक मागे पडेपर्यंत तो आरशातून माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "माझ्या आयलाबी एकदा बसवायचंय बघा इमानात." मला फार बरं वाटलं. पण त्यानं सांगितलेलं भाडं ऐकून लगेच जमिनीवर आले! घासाघीस करून थोडं कमी झालं. विमानतळावर भाड्याचा फलक माझ्या तरी नजरेस पडला नाही. तो म्हणेल ते भाडं.

विमानाची भीती वाटली का, असं मला सगळ्या विचारतात. खरं सांगू? विमानात काहीच भीती वाटली नाही. तिथे सगळं लिहिलेलं असतं. कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, किती वजन न्यायचं, पट्टा कसा बांधायचा. न कळलं तर सांगायला माणूस असतो. खुर्चीवर आपलाच नंबर. कुणी सरका म्हणत नाही, कुणी खेटून बसत नाही. आपण बायका ज्याला घाबरतो, ते आकाश नसतंच. ती घाबरायची जागा विमानतळाच्या फाटकाबाहेर सुरू होते.

आता गोव्याचं ऐका. मोपाचा विमानतळ काही म्हापशात नाही. तो पार उत्तरेला, पेडणे तालुक्यातल्या एका सड्यावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. आजूबाजूला मोकळा माळ. मला वाटलं, इथे आपलं काही खरं नाही. जावयाची ड्युटी होती आणि लेकीला तर हलायची बंदी. पण लेकीनं फोनवर बजावलं होतं, "आई, कुणाशी भाव करू नकोस. बाहेर ये. कदंबाची बस असते. म्हापशाला उतर."

बाहेर आले, तर खरंच कदंब महामंडळाची बस उभी! पुढे पाटी लावलेली. चढले, तिकीट काढलं, खिडकीची जागा धरली. कंडक्टरला म्हटलं, "म्हापसा आलं की सांगा हं." तो म्हणाला, "बसा मावशी, सांगतो." झालं! एवढंच. ना कुणाशी हुज्जत, ना कुणाच्या तोंडाकडे बघत उभं राहणं. माझ्या शेजारी एक कॉलेजची पोरगी बसली होती, पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. दिवसाढवळ्या मी एकटी, परक्या राज्यात, परक्या बोलीत, आणि तरी मला एक क्षणही वाटलं नाही, की बरोबर कुणीतरी पुरुषमाणूस हवा होता.

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

लेक सुखरूप बाळंत झाली, नात झाली. दोन महिने कसे गेले कळलं नाही. तेल-मालीश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं यथासांग केलं. आणि जानेवारीत परत निघाले. येताना पुन्हा कदंबाची बस, पुन्हा विमान. विमान अगदी वेळेवर सोलापूरला टेकलं.

मी जायच्या आधीच गावातल्या एका ओळखीच्या मुलाला जीप घेऊन यायला सांगून ठेवलं होतं. येण्या-जाण्याचे २,२०० रुपये ठरले होते. मला त्या विमानाच्या तिकिटाला जेवढे लागले होते, जवळजवळ तेवढेच! आकाशातल्या सव्वा तासाला जेवढे, तेवढेच जमिनीवरच्या पंचावन्न किलोमीटरला. पण म्हटलं, संध्याकाळची वेळ, सोबत सामान, जाऊ दे.

बाहेर आले, तर जीप नाही. फोन लावला, तर बंद. पुन्हा लावला, बंद. नंतर कळलं, त्याला लग्नाचं मोठं भाडं मिळालं होतं. त्याचंही पोट आहे, मी त्याला काय बोलणार? पण त्या वेळी माझ्या छातीत धस्स झालं.

दहा-पंधरा मिनिटांत आवार रिकामं झालं. ज्यांच्या गाड्या होत्या ते गाड्यांतून गेले. ज्यांना घ्यायला मुलगे, भाऊ, नवरे आले होते, ते गेले. मागे राहिलो तिघी. मी, अक्कलकोटकडची एक लेकुरवाळी आणि पहिल्यांदाच एकटी प्रवास करणारी उमरग्याची एक पोर. नुकतीच कुठेशी नोकरीला लागली होती बिचारी. तिघीही आपापल्या फोनला चिकटलेल्या. दिवस कलायला आला. तिथल्या पहारेकऱ्यानं माणुसकी दाखवली. म्हणाला, "मावशी, उजेडात उभ्या राहा, तिकडं अंधारात जाऊ नका." त्याचे उपकार. पण विचार करा, जिथे उजेडाची सोयसुद्धा एका भल्या माणसाच्या तोंडून कळते, तिथे तो नसेल त्या दिवशी काय?

तिघींनी मिळून एक रिक्षा ठरवली. तिघी म्हणून धीर आला. लेकुरवाळीला रेल्वे स्टेशनवर सोडलं. उमरग्याची पोर आणि मी स्टँडवर आलो. तिथे उमरगा गाडीची वाट बघत तासभर उभ्या. मग गाडी मिळाली. ती पोर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. नळदुर्ग गेलं तशी मी तिला उठवलं, तिच्या वडिलांना फोन लावून दिला, "गाडी अमुक आहे, स्टँडवर या," असं सांगितलं आणि अणदूरला उतरले. रात्रीचे दहा वाजले होते. हे बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे.

आता हिशेब मांडा. जीपची वाट पाहण्यात सव्वा तास. रिक्षा मिळून स्टँडवर पोचेपर्यंत पाऊण तास. स्टँडवर एक तास. आणि प्रत्यक्ष प्रवास दीड तास. एकूण साडेचार. यातला प्रवास फक्त दीड तासाचा, बाकीचे तीन तास निव्वळ ताटकळणं. म्हणजे रस्ता लांब नाही हो! सांधा जुळत नाही, एवढंच दुखणं आहे.

घरी आल्यावर ह्यांनी गरम पाणी दिलं, भाकरी वाढली. रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "बघ, म्हणून म्हणत होतो, एकटी कशाला जातीस."

आणि मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. ह्यांचं चुकलं असं नाही. काळजीपोटीच बोलले. पण मी आकाशातून एकटी गेले आणि एकटी आले, परमुलुखात दोन महिने लेकीचं बाळंतपण निभावलं, हे सगळं त्या तीन तासांनी पुसून टाकलं. उरलं काय? तर बाईनं एकटीनं जाऊ नये.

इथेच खरी गोम आहे. बस नसणं ही पुरुषासाठी गैरसोय असते, बाईसाठी तीच बंदी होते. आमच्या ह्यांची जीप आली नसती, तर ते चहा प्याले असते, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून चौकात आले असते, मिळेल त्या ट्रकनं रात्री अकराला घरी पोचले असते आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्याची गंमत सांगितली असती. "पुन्हा एकटे जाऊ नका" असं त्यांना कुणी म्हटलं नसतं. आणि ती उमरग्याची पोर? तिच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, मला ऐकू येतंय. "नोकरी इथंच जवळपास बघ." एक बस नसल्यामुळे एखाद्या पोरीची नोकरी जाऊ शकते, हे कुठल्या कागदावर येणार?

माझी भाची शिकायला जर्मनीत होती. तिला हे सगळं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, हे तर आमच्या हानसारखंच झालं." तिथे फ्रँकफर्ट-हान नावाचा एक विमानतळ आहे. नावात फ्रँकफर्ट, पण फ्रँकफर्ट शहर तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दूर! भोवती शेतं, जंगल आणि लहान लहान खेडी. पूर्वी तिथे अमेरिकेच्या हवाई दलाचा तळ होता. तो गेला आणि नव्वदच्या दशकात तिथे साधी प्रवासी विमानं येऊ लागली. पुढे रायनएअरसारख्या स्वस्त तिकिटाच्या कंपनीनं तिथे बस्तान बसवलं. भाची म्हणाली, "तिकीट स्वस्त म्हणून आम्ही विद्यार्थी उड्या मारायचो. मग कळायचं, की बसचे पैसे आणि पावणेदोन तास यात धरलेलेच नव्हते. पण एक होतं मावशी, बस असायची. बसचं वेळापत्रक आधी बघायचं आणि मगच विमानाचं तिकीट काढायचं, हे आम्ही शिकलो."

म्हणजे स्वस्त विमानाचा विमानतळ आडबाजूला असणं, हे साऱ्या जगात चालतं. आपल्याकडे तरी काय? शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. सिंधुदुर्गचा विमानतळ परुळ्याजवळ चिपीच्या माळावर. जमीन जिथे मिळते तिथे विमानतळ होतो. त्याला कुणी काही करू शकत नाही. सोलापूरचा तर उलट गावाला लागून आहे, ते आपलं भाग्यच म्हणायचं. पण विमानतळ म्हणजे नुसती धावपट्टी नव्हे. घराच्या उंबऱ्यापासून विमानाच्या शिडीपर्यंतचा सगळा रस्ता म्हणजे विमानतळ, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, "बाई, खेड्यातलं कोण जातं विमानानं? जे जातात त्यांच्या दारात गाड्या असतात." आमच्या शेजारच्या काकाही हेच म्हणाले. मी म्हटलं, काका, जरा मोजा. आपल्या गल्लीतल्या दोन पोरी पुण्या-मुंबईला कंपनीत आहेत. तिसरी माझी. खालच्या आळीतल्या वहिनींना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात वरचेवर जावं लागतं. लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या माझ्यासारख्या आया तर घरोघर. यांच्यापैकी कुणाच्या दारात गाडी आहे? आणि ज्यांच्या दारात आहे, त्यांच्या घरातल्या किती बायकांना ती चालवता येते?

शिवाय ही विमानं कुणासाठी काढली? 'उडान' योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली हे पहिलं विमान उडालं. तेव्हाच सांगितलं होतं, की हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसला पाहिजे. त्यासाठी तासाभराच्या प्रवासाचं सवलतीचं भाडं २,५०० रुपयांच्या आसपास ठरवलं आणि विमानातल्या निम्म्या खुर्च्या त्या भावानं द्यायच्या, असा नियम केला. कंपनीला तोटा होऊ नये म्हणून सवलतीच्या खुर्चीमागची तूट सरकार भरून देतं. सोलापूर-मुंबईच्या विमानासाठी तर आपल्या राज्य सरकारनं अशी तूट भरण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. चांगलंच केलं. माझी तक्रार नाही.

पण मग मला एक सांगा. आकाशातल्या खुर्चीची तूट सरकार भरतं, तर जमिनीवरच्या बाकाची का नाही? विमानाच्या एका फेरीला जेवढी रक्कम द्यावी लागते, तिच्या मानानं एका एसटीच्या फेरीचं डिझेल म्हणजे किती? हवाई चप्पलवाली बाई विमानात बसली खरी, पण उतरल्यावर ती चप्पल घासत रस्त्यानं चालणार असेल, तर त्या सवलतीचा उपयोग काय?

"रिकामी बस कोण पळवणार?" हाही प्रश्न येईलच. मला त्यातलं फार कळत नाही, पण नवी गाडी काढाच, असं माझं म्हणणंही नाही. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, तुळजापूर, अक्कलकोट या गाड्या रोज सुटतातच. विमान येतं त्या वेळेची एखादी गाडी होटगी रस्त्यानं वळवून आणली तर? किंवा शहर बसची एक फेरी विमानतळ ते स्टँड अशी, विमानाच्या वेळेला बांधून ठेवली तर? विमान अर्धा तास उशिरा आलं तर गाडीनं अर्धा तास थांबायचं. विमानातून सत्तरएक माणसं उतरतात. त्यातली दहा जरी गाडीत बसली, तरी बाकीच्या थांब्यांवर गाडी भरतेच की. आणि हे जमेपर्यंत निदान तीन गोष्टी करा. रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचा मोठा मराठी फलक लावा. बाहेर बसायला उजेडाची, आडोशाची जागा द्या. आणि सोलापूरच्या स्टँडवरून कुठली गाडी किती वाजता सुटते, त्याचा एक तक्ता तिथे टांगा. याला काही कोटी रुपये लागत नाहीत.

आमच्या अणदूरच्या खंडोबाची एक गोष्ट सांगते. आमचा देव वर्षातले साधारण दहा महिने अणदुरात असतो आणि दोनेक महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. दरवर्षी तो इकडून तिकडे जातो आणि परत येतो. पण कसा? दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये त्याचा लेखी करार होतो. देव कधी न्यायचा, कधी आणायचा, सगळं ठरलेलं. निरोप द्यायला हे गाव, घ्यायला ते गाव. वाटेत देव कुठे ताटकळला, असं कधी झालं नाही. जवळच्या दोन गावांमधल्या प्रवासाची एवढी चोख व्यवस्था आमच्या वाडवडिलांनी देवासाठी करून ठेवली. येणं आणि जाणं यांचा सांधा कसा जुळवायचा, हे आपल्याला नवीन नाही. मग तीच अक्कल आपण लेकीबाळींसाठी का वापरत नाही?

तोवर तुम्हाला कुणाला निघायचं असेल, तर माझ्या अनुभवाचे चार शब्द पदराला बांधून ठेवा. तिकीट काढताना विमानाची वेळ नंतर बघा, आधी आपल्या गावाला जाणारी शेवटची एसटी किती वाजता ते बघा. दिवसाउजेडी उतरणारं विमान असेल तर तेच घ्या. सोलापूर-मुंबई-गोव्याची विमानं रोज असतीलच असं नाही, वेळाही बदलतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करून विचारा. गाडी सांगितलीत तर दुसऱ्या एकाचाही नंबर जवळ ठेवा. सामान तिकिटावर लिहिलेल्या वजनातच बसवा, नाही तर जास्तीचे पैसे पडतात. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर नेऊच नका, त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेतात म्हणून काढून ठेवायला लावतात. आधीच किसून लाडू वळून न्या. आणि विमानात, रांगेत, जिथे एकटी बाई दिसेल तिथे बोला. "कुठं जायचंय ताई?" एवढं विचारा. त्या संध्याकाळी आम्ही तिघी बोललो, म्हणूनच एका रिक्षात बसून सुखरूप सुटलो.

मी आमच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे. ठराव झाला, की त्याची प्रत आगारात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणार. बचत गटातल्या बायका सह्या करायला तयार आहेत. अर्ध्या तिकिटानं एसटीत बसायला लागल्यापासून त्यांनाही कळलंय, की वाहन मिळालं तर बाई घराबाहेर पडते. तुम्हीही आपापल्या गावात हा विषय काढा. लातूरकडच्या असा, शिर्डीकडच्या असा, नाही तर कोकणातल्या. विमानतळ वेगळा असेल, फाटकाबाहेरचा अंधार तोच आहे.

नात आता तीन महिन्यांची होईल. लेक म्हणतेय, "आई, उन्हाळ्यात पुन्हा ये." मी हो म्हटलंय. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, "बघताय काय? एकटीच जाणार आहे. तुम्ही फक्त बॅटरी चार्ज करून ठेवा."